मस्टँग १९६६, सहा सिलिंडर: अकरा महिने आणि एक ओला डावा पाय

गाडीची माहिती सगळ्यांना आहे, ती उगाळत बसत नाही. फोर्ड मस्टँग, ६६ ची दोन दारांची कूप, २०० घनइंची इंजिन, तीन गिअरची ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्रम ब्रेक. व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, सुरुवात ६एफ०७टी. त्यातला एफ म्हणजे फोर्डचा मिशिगनमधला डिअरबॉर्न कारखाना, म्हणजे गाडी जन्मली तिथून माझं घर जेमतेम पंचवीस मैल. गेल्या सप्टेंबरात १४,५०० डॉलरला घेतली. व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरची, हवी असती तर आणखी सात-आठ हजार मोजावे लागले असते. आमच्या घरात सात-आठ हजार असे सहज सुटत नाहीत.

आता मुद्द्याचं. पाणी.

ऑक्टोबरात पहिला पाऊस लागला आणि सिग्नलला उभा असताना डावा मोजा गार लागला. वाटलं काच उघडी राहिली. नव्हती. दार तपासलं, रबर नवं होतं. घरी येऊन कार्पेट उचललं तर खाली तळं. त्यानंतर सहा महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. इंजिन, ब्रेक, पेट्रोल, काहीही विचारा, मी पायावर येतो.

समोरच्या काचेखाली, बॉनेटच्या मागे ज्या फटी दिसतात त्यातून आत हवा येते, आणि हवेबरोबर पाऊसही. खाली पत्र्याची बंद पेटी असते, तिला काउल म्हणतात. पाणी पेटीत पडतं, दोन्ही टोकांनी उतरून मडगार्डमागून रस्त्यावर जातं. हवेची दोन भोकं, एक डावीकडे, एक उजवीकडे हीटरपाशी. त्यांच्याभोवती पत्र्याची उभी कड, उंबऱ्यासारखी, पाणी आत येऊ नये म्हणून. कल्पनेत खोट नाही. पण माझ्या आधीच्या मालकानं गाडी वर्षानुवर्षं मेपलखाली लावली. पानं फटींतून आत गेली, कुजून त्यांचा चोथा झाला, वाट तुंबली आणि उंबरा बुडापासून गंजला. पेटी वेल्ड करून बंद केलेली, म्हणजे हात घालून साफ करायची सोयच नाही. घेताना मी इंजिन ऐकलं, खालून चॅसी ठोकून पाहिली, डिकीत टॉर्च मारला. एक बादली पाणी त्या फटींवर ओतायचं सुचलं नाही. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा बादली घेऊन जा. मालक नको म्हणाला तर परत फिरा.

एप्रिलमध्ये जुन्या गाड्यांच्या एका गॅरेजात दाखवली. चार दिवस ठेवून घेतली, ९५ डॉलर तपासणीचे लावले आणि अहवाल दिला: काउलमधून पाणी येते. अहो, मी तेच सांगून गाडी तुमच्या दारात सोडली होती! दुरुस्तीचा अंदाज ३,२०० डॉलर. बॉनेट काढा, मडगार्ड काढा, स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलनं फोडा, नवा पत्रा लावा, पुन्हा वेल्ड, पुन्हा रंग. काम तेवढं आहे, हे मी नाकारत नाही. पण काउंटरवरचा माणूस वर म्हणाला, "सहा सिलिंडरच्या गाडीवर कशाला एवढा खर्च करता?" तिथे माझं डोकं फिरलं. अर्धा तास वाद घातला. ९५ चे ५५ केले आणि निघालो.

बाकीचं थोडक्यात. पत्र्यापासून बटणापर्यंत सगळं नवं मिळतं, आणि स्वस्त. १९६६ साली सहा लाखांवर मस्टँग खपल्या, त्याचा हा फायदा. इथेनॉलवालं पेट्रोल जुने रबरी पाइप खातं, ते पहिल्याच महिन्यात बदला. इंजिन ऑइल जस्त जास्त असलेलं घाला. चारही ब्रेकना तेलाचं एकच सर्किट, दुहेरी पुढच्या वर्षीच्या मॉडेलपासून आलं. कुठे गळती झाली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, म्हणून मी पुढच्या गाडीपासून एसटीएवढं अंतर ठेवतो. हायवेला गॅलनला १९ मैल पडतात. थंडीत बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यावर आणायची नाही, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल ती झाकून आणि मी तिच्या विम्याचे हप्ते भरत.

इथवरचं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं. तेव्हा शेवटचं वाक्य होतं, "घेऊ नका." ते खोडतोय.

जूनमध्ये सासरे पुण्याहून आले. त्यांनी १९ वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवली, स्वतःच्या हातानं. पहिल्याच फेरीत गाडी चढावर ठसकायला लागली. "पॉइंट काळे पडलेत, जावईबापू," ते बसल्या जागेवरून म्हणाले. घरी आल्यावर प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, पॉलिश पेपरची पट्टी दुमडून पॉइंट, म्हणजे आतली उघडझाप करणारी दोन टोकं, घासले, फट मोजायचा फीलर गेज मागितला. पुस्तकात ०.०२५ इंच लिहिलंय, तेवढी फट लावली. वीस मिनिटांत इंजिन शिवणयंत्रासारखं चालायला लागलं. त्या दिवसापासून मी या सहा सिलिंडरबद्दल वाईट ऐकून घेत नाही. बॉनेटखाली एवढी जागा आहे की आत उभं राहून काम करता येईल. व्ही-८ वाल्यांनी त्यांचा मागचा प्लग बदलून दाखवावा.

मग त्यांच्यापुढे काउलचं दुखणं काढलं. ते म्हणाले, आधी बघू तरी. मी सीटवर पाय टाकून डॅशबोर्डखाली उताणा, डोक्यावर टॉर्च, बाहेर बायको तांब्या घेऊन. पहिला तांब्या, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला थेंब थेट नाकावर. गंजाची चव महिनाभर विसरलो नाही.

या दुखण्यावर प्लॅस्टिकची टोपी मिळते, खालून वर बसवायची. २४ डॉलर. भोकाच्या कडेला पत्रा उरला नव्हता तिथे सासऱ्यांनी एम-सील लावलं. त्यांच्या बॅगेत भाजणीच्या पिठाशेजारी दोन पुड्या निघाल्या. जाणकारांनी इथे डोळे मिटून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी सात तांबे ओतले, आत टिपूस नाही. ३,२०० कुठे आणि २४ कुठे!

मिशिगनमध्ये २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते, दहा वर्षांना ३० डॉलर. एरवी ती गाडी प्रदर्शनाला, मिरवणुकीला, क्लबच्या कार्यक्रमालाच काढायची; फक्त ऑगस्टमध्ये रोजच्या कामालाही चालते. त्यामुळे यंदा ऑगस्टभर भाजी मस्टँगमधून आली. तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर, जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला नेली. दोन्ही बाजूंना व्ही-८ गुरगुरत होत्या. एक आजोबा वाकून चाकाचे नट मोजत बसले. "चारच! म्हणजे सहा सिलिंडर. माझ्या बहिणीची अशीच होती," म्हणाले आणि जागचे हलेनात.

मागच्या आठवड्यात भाजी घेऊन येताना धो धो पाऊस आला. माझा डावा पाय ठणठणीत कोरडा. मी कौतुकानं बायकोकडे पाहिलं, तर तिनं दोन्ही पाय वर उचलून धरलेले. हीटरच्या पेटीतून धार लागली होती, बरोबर खाली ठेवलेल्या कोथिंबिरीच्या जुडीवर. जूनमध्ये तांबे आम्ही डावीकडेच ओतले होते. उजवीकडची टोपी बसवायची तर हीटर उतरवावा लागतो, शिवाय आणखी २४ डॉलर, म्हणून मी म्हटलं होतं, तिकडे कुठे गळतंय.

कोथिंबीर मात्र चार दिवस टवटवीत राहिली. टोपी मागवली आहे. २४ डॉलर, वर घरपोच करण्याचे साडेअकरा.