रेंडर फार्मच्या नावाखाली ३२,५९० रुपये गेले, फायनल इयरच्या मुलांनी हे आधी वाचा

ज्यांची फायनल इयरची फिल्म अजून रेंडरला (म्हणजे थ्रीडी सीनमधून कॉम्प्युटरने एकेक फ्रेमचं चित्र तयार करायला) लागायची आहे आणि ज्युरी, म्हणजे कॉलेजचं शेवटचं परीक्षण, तोंडावर आलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. रेंडर फार्म, म्हणजे पैसे घेऊन अनेक मशीनवर हे काम करून देणारी जागा, चालवतो म्हणणाऱ्या एका माणसाने माझे ३२,५९० रुपये खाल्ले. ११,०४५, मग ४,५००, मग पुन्हा ११,०४५ आणि शेवटी ६,०००. पहिली रक्कम माझ्या स्कॉलरशिपची होती. शेवटचे ६,००० आईने भिशीतून उचलून दिले. ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

माझी फिल्म चार मिनिटं वीस सेकंदांची. इचलकरंजीतल्या एका कांडीवाल्या बाईची, म्हणजे माझ्या आजीचीच. मागाच्या शेडच्या कडेला बसून ती आयुष्यभर कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरत आली. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ६,२४० फ्रेम होतात. ताण्याचे हजारो धागे, त्यांच्यातून पळणारा धोटा, हवेत तरंगणारं कापसाचं कस्पट, हे सगळं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. माझ्या लॅपटॉपवर एका फ्रेमला सरासरी १४ मिनिटं लागत होती. म्हणजे १,४५६ तास, लॅपटॉप रात्रंदिवस चालू ठेवला तरी साठ दिवसांच्या वर. कॉलेजची लॅब संध्याकाळी सहाला बंद होते आणि जाताना मेन स्विच पाडतात. रात्रभर मशीन चालू ठेवायची परवानगी मागितली तर ‘शॉर्ट सर्किट झालं तर जबाबदार कोण’ हे उत्तर मिळालं. अॅनिमेशनचा कोर्स चालवायचा, त्याची फी घ्यायची आणि रेंडरला रात्र द्यायची नाही! मग मुलं बाहेर जाणार नाहीत तर काय करणार?

नंबर सीनियर्सच्या ग्रुपवरून मिळाला. ‘अंधेरीत स्टुडिओ, विद्यार्थ्यांना खास दर, ३ रुपये फ्रेम.’ फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. ‘ताई, तुमच्या कॉलेजची दोन कामं आत्ताच दिलीत आम्ही,’ म्हणाला. सायकल्सवर (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनवर) आहे का, हेअर पार्टिकल्स आहेत का, कॅश बेक केलाय का, हे तांत्रिक प्रश्न त्यानेच मला विचारले. ज्याला कामातलं काही कळत नाही तो हे विचारत नाही. माझा विश्वास बसला तो इथे. दरपत्रक आलं. १८,७२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २२,०८९ रुपये ६० पैसे. अर्धे आधी. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

ते बिल जपून ठेवलं होतं म्हणून नंतर नीट पाहता आलं. पत्ता अंधेरीचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा २७ असतो. शिवाय राज्यातल्या राज्यात बिल असेल तर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा असे दोन रकाने लागतात. इथे एकाच ओळीत १८ टक्के ठोकले होते. जीएसटीच्या पोर्टलवर कुठलाही नंबर लॉगिन न करता शोधता येतो. शोधला तर तो दिल्लीतल्या एका किराणा व्यापाऱ्याचा निघाला. बिल आलं की पैसे पाठवायच्या आधी हे करा, मिनिटभराचं काम आहे. बीएफएच्या, म्हणजे फाइन आर्ट्सच्या पदवीच्या, चार वर्षांत आम्हाला फीचं बिल सोडून दुसरं बिल कुणी दाखवलेलं नसतं, मग हे आम्हाला कुठून कळायचं?

आता ती गोष्ट, जिच्यापायी रात्री झोप लागत नाही.

दर सांगण्यासाठी त्याने सुरुवातीला माझा प्रिव्ह्यू मागितला होता. मी जुनाच कमी दर्जाचा व्हिडिओ पाठवला. त्यात खुंटीवर वाळत घातलेलं आजीचं लुगडं हिरवं होतं. पुढे गाइड म्हणाले की शेडच्या निळसर उजेडात हिरवं मरतं, म्हणून मी ते किरमिजी केलं. अॅडव्हान्स दिल्यावर जी प्रोजेक्ट फाईल अपलोड केली, तिच्यात लुगडं किरमिजी होतं. हिरवा रंग त्या फाईलमध्ये कुठेच शिल्लक नव्हता.

दोन दिवसांनी त्याच्याकडून नमुन्याची फ्रेम आली. चौदावा शॉट. आजीचा हात, हातात कांडी, मागे खुंटी. आणि खुंटीवर हिरवं लुगडं.

मला ते दिसलं. मी लगेच विचारलंही, मेसेज करून आणि मग फोन करून. त्याने एका श्वासात उत्तर दिलं, ‘ताई, कलर मॅनेजमेंटचा फरक आहे. तुम्ही फिल्मिकवर बनवलंय, आमचं फार्म एजीएक्सवर चालतं. फायनलला बरोबर येईल.’ फिल्मिक आणि एजीएक्स म्हणजे ब्लेंडरमध्ये रंग पडद्यावर दाखवायच्या दोन पद्धती. ब्लेंडरवर काम करणाऱ्यांना माहीत आहे की ४.० आल्यापासून नव्या फाईलींना एजीएक्स डिफॉल्ट झालं आणि त्यात रंग फिल्मिकपेक्षा खरंच वेगळे दिसतात. आमच्या वर्गात सगळ्यांना तो त्रास झाला होता. त्यामुळे उत्तर पटण्यासारखंच होतं. पण त्या बदलाने रंग फिका पडतो, थोडा सरकतो, भडकपणा कमी होतो. किरमिजीचा हिरवा कधीच होत नाही! नमुना म्हणून पाठवलेलं चित्र म्हणजे माझ्याच जुन्या व्हिडिओतली फ्रेम होती, मोठी करून, धार वाढवून. माझी फाईल त्याने उघडलीच नव्हती. हे सगळं त्या एका लुगड्यात दिसत होतं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ‘धाग्यांच्या शॉटला जास्त जीपीयू (ग्राफिक्स कार्डं) लागतात’ म्हणून मागितलेले ४,५०० मी भरले. त्याआधीच्या तीन रात्री मी साउंड लावत जागी होते. दमलेल्या माणसाला घाईत गाठायचं हाच यांचा धंदा आहे. ते ज्युरीच्या तारखा पाहूनच जाहिराती टाकतात.

तुम्ही एक करा. फाईल देताना एखाद्या कोपऱ्यात अशी वस्तू ठेवा जी कुठल्याही प्रिव्ह्यूत नाही. भिंतीवर आजची तारीख लिहा, काहीही. नमुन्यात ती दिसली नाही तर पुढचा एक रुपया देऊ नका. स्पष्टीकरणही ऐकत बसू नका.

पुढचं सगळं ठरलेलंच असतं, तुम्हाला माहीत आहे. ‘रेंडर पूर्ण झालं, उरलेले द्या, लिंक पाठवतो.’ ११,०४५ दिले. लिंकवर ३८ जीबीची झिप होती आणि तिला पासवर्ड. पासवर्डसाठी ६,००० ‘डिपॉझिट, रिफंडेबल’. इथे लोक विचारतात, तरी दिलेस? हो, दिले. २६,५९० आधीच अडकले होते, ज्युरी चार दिवसांवर होती आणि झिप माझ्या डिस्कवर डोळ्यासमोर होती. ३८ जीबी कुणी रिकामं भरून पाठवत असेल हे कुणाच्या मनात येईल?

पासवर्ड मात्र खरा निघाला. आत ०००१ ते ६२४० नावाच्या फाईली ओळीने होत्या. पहिल्या दोनशे माझ्याच व्हिडिओतल्या, मोठ्या केलेल्या. त्यानंतरच्या सगळ्या फाईलींचा आकार शेवटच्या आकड्यापर्यंत एकसारखा. पीएनजीचा आकार चित्राप्रमाणे बदलतो. हजारो फ्रेमचा आकार तंतोतंत सारखा म्हणजे एकच चित्र नाव बदलून हजारो वेळा चिकटवलेलं. फोन केला तर म्हणतो, ‘फाईल करप्ट झाली असेल, री-रेंडरचे ९,००० होतील.’ मी पोलिसांचं नाव काढलं, तेव्हा ‘तुमची प्रोजेक्ट फाईल आमच्याकडे आहे, कॉलेजला कळवू का बाहेरून काम करून घेता म्हणून?’ असं ऐकवलं. ते ९,००० मी दिले नाहीत. त्यानंतर ब्लॉक.

तोपर्यंत अर्धं संभाषण उडून गेलं होतं, कारण त्याने चॅटला २४ तासांत मेसेज गायब होण्याची सेटिंग लावून ठेवली होती. ‘क्लायंटच्या फाईलींची गोपनीयता’ असं कारण दिलं होतं. व्यवहाराच्या चॅटमध्ये कुणी ही सेटिंग लावली की तिथेच थांबा. नाहीतर प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट, वेळेसकट.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, तिथे मागतात, तो आधी काढून ठेवा. पहिल्या तासात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. माझे चारही हप्ते वेगवेगळ्या माणसांच्या खात्यांत गेले होते. एका खात्यात २,१४० रुपये होल्ड झाले. बाकीचे पुढे सरकलेले.

मग पोलीस ठाणं. पुण्यात होस्टेलजवळच्या ठाण्यात गेले तर अंमलदार म्हणाले, ‘बाळ, तू स्वतःहून पैसे दिलेस ना? मग हा देण्याघेण्याचा वाद झाला. दिवाणी मामला आहे, वकील गाठ.’ खोटं बिल, दुसऱ्याचा जीएसटी नंबर, वर धमकी, आणि हा दिवाणी मामला! मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचं आहे, आयटी कायद्याचं ६६ड आहे. त्यावर ‘गुगल करून आलीस का?’ म्हणाले. दुसरे साहेब म्हणाले, तुझं खातं इचलकरंजीच्या शाखेचं आहे तर तिथे तक्रार दे. इचलकरंजीला गेले तर तिथले म्हणतात, पैसे पुण्यात बसून पाठवलेस, गुन्हा पुण्यात घडला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. झिरो एफआयआर म्हणतात ते हेच. भिंतीवर त्याचं पोस्टर लावलेलं आणि पोस्टरखाली बसलेला माणूस मला दुसऱ्या गावाला पाठवतो. अर्ज घेतला, शिक्का मारला, एफआयआर अजून नाही. रक्कम लहान आहे म्हणे. माझ्या आईची दोन महिन्यांची कमाई आहे ती!

बँकेने आणखी जखमेवर मीठ चोळलं. ऑनलाइन फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी किती, हे सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. ‘ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, पिन तुम्हीच टाकलात,’ म्हणाले. नियम तसा आहे, मान्य. पण मग फसवून टाकायला लावलेल्या पिनचं काय, हे विचारलं तर पुढच्या टोकनचा नंबर पुकारला. होल्डवरच्या २,१४० साठी कोर्टाचा आदेश आणा, असं सांगितलं. तो आणायला वकिलाची फी त्याहून जास्त.

आणि कॉलेज. विभागात सांगितलं तर पहिला प्रश्न होता, ‘बाहेरून काम का करून घेतलंस?’ मॉडेल माझं, रिग (पात्र हलवायचा आतला सांगाडा) माझं, अॅनिमेशनची एकेक की-फ्रेम माझी. रेंडर म्हणजे मशीनने आकडेमोड करणं. प्रिंटमेकिंगची मुलं मोठे प्रिंट बाहेर काढून आणतात, त्यांना कुणी विचारत नाही. माझ्यावर मात्र लेखी खुलासा द्यायची वेळ आली. फसवणाऱ्याविरुद्ध कॉलेजने एक ओळ लिहून दिली नाही. ‘संस्थेचं नाव येईल.’

फिल्म मी पूर्ण केली. सॅम्पल (मशीन एकेका पिक्सेलचा किती वेळा हिशोब करतं तो आकडा) १०२४ वरून १२८ वर आणले, त्यामुळे येणारे ठिपके पुसायला ओपन इमेज डिनॉइज लावलं, आकार ७२० वर नेला आणि एकाआड एक फ्रेम रेंडर केली. ३,१२० फ्रेम, प्रत्येकी तीन मिनिटं. चार मैत्रिणींनी रात्री आपापल्या रूमवर लॅपटॉप चालू ठेवले. एवढ्या फ्रेम चार मशीनवर ३९ तासांत निघतात. धाग्यांची चमक गेली, त्याचं दुःख आहे. पण पैसे न देता हे होतं, हे वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं. शीपइट नावाचा ब्लेंडरसाठीचा मोफत रेंडर फार्म आहे. इतरांची कामं आपल्या मशीनवर चालू द्यायची, त्याचे गुण मिळतात, त्यावर आपलं काम लागतं. सेमिस्टरच्या सुरुवातीपासून गुण साठवा, शेवटच्या आठवड्यात नाही. स्टुडिओ म्हणवणाऱ्याने पैसे चालू खात्याऐवजी कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले की ओळखा. सीनियरने नंबर दिला म्हणजे सीनियरने काम करून घेतलं असं नसतं. मला ज्याने दिला त्याने स्वतः फक्त जाहिरात पुढे ढकलली होती.

गेल्या आठवड्यात ज्युनियर्सच्या ग्रुपवर तीच जाहिरात नव्या नावाने आली. ‘शॉर्ट फिल्म पॅकेज, ४ रुपये फ्रेम’, आणि नमुना म्हणून माझ्या आजीचा हात, कांडी आणि मागे हिरवं लुगडं. ती फ्रेम त्यांनी रेंडर केलेली नाही. ती दिसली तर पैसे पाठवू नका. नंबर, तारीख आणि यूपीआय आयडी दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि सायबरक्राइम पोर्टलवर संशयितांची माहिती देण्याची सोय आहे, तिथे तो नंबर टाका. माझ्या तक्रारीपुढे अजून ‘कार्यवाही सुरू’ एवढंच दिसतं.