मोहल्ल्याच्या भांड्यांसाठी मिळालेले 30 हजार: साडेतीन स्टार

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, मी बचत गटाची सचिव. मागच्या वर्षी एका संस्थेकडून मोहल्ल्याच्या कामासाठी 30 हजार मिळाले, त्याचा अनुभव लिहून राहिली. संस्थेचं नाव टाकत नाही, कारण तक्रारी पण आहेत आणि पुन्हा अर्ज बी टाकायचा आहे न.

यात ट्रस्ट लागत नाही, रजिस्ट्रेशन लागत नाही. शेजारच्या पाच घरांनी मिळून काम सांगायचं आणि सह्या द्यायच्या, पण पाचही घरं एकाच भावकीची नको. वाचायला सोपं वाटते, सह्या जमवून पाहा एकदा.

आमचं काम होतं भांडे. लग्न म्हणा, तेरवी म्हणा, मोठे गंज, कढया, पराती, सतरंज्या सगळं तालुक्याच्या बिछायत केंद्रातून आणा लागते, भाडं वेगळं, गाडीचे पैसे वेगळे, आणि एका तेरवीत तं गंजाच्या बुडाला भोक निघालं, निम्मं वरण चुलीत. ग्रामपंचायतीत विचारलं होतं. सरपंच भाऊ म्हणाले, पंधराव्या वित्त आयोगाचे 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले आहेत, बाकीच्या 40 मधी आराखड्यात असंल तेच होते, भांडे कोणत्या हेडात दाखवू ताई? त्यांचंही खरंच होतं.

अर्ज व्हॉट्सअपवर व्हॉइस नोटनं चालला, याचा एक पूर्ण स्टार. मंग संस्थेची एक मुलगी आली, ओट्यावर दोन तास बसली, आणि तिनं एकच प्रश्न विचारला, भांडे घासणार कोण? झालं, पेटलं सगळं. कोणी म्हणे ज्याच्या घरी कार्यक्रम त्यानं, कोणी म्हणे मोजून कोण घेणार, आणि एक काकू सरळच बोलल्या की त्या लायनीतल्या घरी गेलेला गंज मी माझ्या चुलीवर ठेवणार नाही. सगळे चूप. आमच्या इकडं मोझरी काही लांब नाही, तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते, एका सतरंजीवर बसतातच सगळे, पण चुलीची गोष्ट निघाली की वेगळं होते हे त्या दिवशी पहिल्यांदा तोंडावर आलं. शेवटी ठरलं, वापरणाऱ्यानं घासून द्यायचं, घेताना-देताना रजिस्टरमधी सही, आणि किल्ली दर महिन्याला दुसऱ्या घरी. काकूंनी सही नाही दिली, सहावं घर शोधा लागलं.

आता तक्रार. पक्कं बिल पाहिजे, जीएसटीवालं, प्रत्येक वस्तूचं. भांडे किलोवर मिळतात, आर्वीच्या दुकानातून बिल आलं, ठीक. पण रॅक आमच्याच गावातल्या वेल्डिंगवाल्या भाऊनं बनवली, त्यानं वहीचा कागद फाडून लिहून दिलं, तो नामंजूर. म्हणजे गावासाठीचा पैसा गावातल्या माणसाला देताच येत नाही, हे काय गणित आहे बावा?

अजून एक मजा. एस्टिमेट 2025 च्या ऑगस्टमधी काढलं होतं, 18 हजारांचे भांडे आणि 12 टक्के जीएसटी, म्हणजे 20,160. पैसे येईपर्यंत 22 सप्टेंबर उलटला, भांड्यांवरचा टॅक्स 5 टक्के झाला, बिल आलं 18,900. वाचलेल्या 1,260 मधी आम्ही बादल्या आणि दोन मोठे झारे घेतले. तं संस्थेचा फोन, बादल्या बजेटमधी नव्हत्या, सुधारित बजेट पाठवा! पैसे वाचवले म्हून पत्र लिहा लागलं.

पहिला हप्ता 21 हजार वेळेवर आला, दुसरे 9 हजार चार महिन्यांनी. तोपर्यंत सतरंजीवाल्याचे पैसे गटाच्या बचतीतून भरले, मिटींगमधी मीच बोलणे खाल्ले. आणि त्यांच्या फॉर्ममधी एक रकाना, लाभार्थी संख्या. आम्हीच अर्ज केला, आम्हीच घासतो, लाभार्थी कोण? मी 40 घरं लिहून टाकलं.

तरी साडेतीन देते. पाच सह्यांची ती अट नसती तं आम्ही ओट्यावर बसलोच नसतो, आणि घासण्याचा प्रश्न पहिल्या लग्नात भांडणासकट निघाला असता. आतापर्यंत भांडे सोळा कार्यक्रमांत गेले, एका परातीला पोचा आला, एक झारा गायब आहे (रजिस्टरमधी नाव आहे, घ्यायला कोणी जात नाही). काकू गंज अजून नेत नाहीत, पण नातवाच्या बारशाला सतरंज्या घेऊन गेल्या, आणि धुऊन, घडी घालून परत आणल्या.

कोणाला अर्ज टाकायचा असंल तं कापूस वेचणीच्या दिवसात नका टाकू. सगळे वावरात असतात, सह्यांसाठी एक माणूस घरी सापडत नाही.