‘द टेक्सस चेन सॉ मॅसेकर’ (1974): कोणी बघावा आणि कसा

रक्तपाताच्या अपेक्षेने बसलेला प्रेक्षक या भयपटाच्या पहिल्या अर्ध्या तासात वैतागतो. पाच तरुण, एक व्हॅन, टेक्ससचं रणरणतं ऊन, पेट्रोल संपलेला पंप आणि व्हीलचेअरवरच्या फ्रँकलिनची अखंड किरकिर, एवढंच चाललेलं असतं. मग एका घरात हातोड्याचा घाव बसतो, पडलेल्या मुलाचे पाय तडफडतात आणि सरकता लोखंडी दरवाजा धाडकन बंद होतो. आधी संगीताने इशारा दिलेला नसतो. इथे विशीतले आणि साठीपुढचे, सगळेच गप्प होतात. एरवी या चित्रपटावर पिढ्यांचं एकमत होणं कठीण.

ज्यांनी तो 1974 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पाहिला, त्यांच्यासमोर निक्सन यांचा ऑगस्टमधला राजीनामा, व्हिएतनामच्या बातम्या आणि पेट्रोलच्या रांगा ताज्या होत्या. रिकामा पंप त्यांना कथेची सोय वाटला नाही. सुरुवातीची ‘ही खरी घटना आहे’ छापाची पाटीही त्यांनी बरीचशी खरी मानली. आजचा प्रेक्षक फोन काढून दोन मिनिटांत ती खोडून काढतो: प्रेरणा विस्कॉन्सिनच्या एड गीन या खुन्याची, तो पकडला गेला 1957 मध्ये, आणि त्याच्या गुन्ह्यांत चेन सॉ, म्हणजे यंत्रावर चालणारी करवत, नव्हतीच. त्यामुळे तरुणांच्या बाबतीत पाटीचा धाक संपला आहे. दिग्दर्शक टोबी हूपर यांची कारागिरी मात्र त्यांच्यावरही तितकीच चालते.

ती कशी चालते ते मांस टांगायच्या हुकाच्या दृश्यात बघा. मुलीला उचलून हुकावर अडकवलं जातं. आपल्याला दिसतो तिचा चेहरा, तिचे लोंबते पाय आणि खाली ठेवलेली बादली. हुक अंगात शिरताना एकदाही दाखवलेला नाही. तरीही जुने प्रेक्षक ‘आम्ही तो शिरताना पाहिला’ असं शपथेवर सांगतात, कारण ती बादली उरलेलं काम करून टाकते. रक्त कमी ठेवलं तर सौम्य ‘पीजी’ प्रमाणपत्र मिळेल अशी हूपर यांची आशा होती, मिळालं त्याहून कडक ‘आर’. ब्रिटनच्या सेन्सॉरने 1975 मध्ये परवानगी नाकारली. कापाकापी करूनही भागणार नव्हतं, कारण भीती अमुक एका शॉटमध्ये नसून सगळीकडे भिनलेली होती. तिथे तो 1999 मध्ये एकही कट न देता पास झाला.

व्हीएचएसवर वाढलेल्यांच्या आठवणीत हा चित्रपट काळपट आणि धूसर आहे. रात्रीच्या पाठलागात त्यांना झाडंसुद्धा नीट दिसली नव्हती. मूळ चित्रीकरण 16 मिमी फिल्मवरचं. 2014 ची 4के आवृत्ती घेतलीत, तर हाडांनी भरलेली खोली पहिल्यांदाच कोपऱ्यान्‌कोपऱ्यासह दिसते. मारेकरी कुटुंबातल्या आजोबांच्या चेहऱ्यावरचा मेकअपही उघडा पडतो, पण तेवढं सोसण्यासारखं आहे. टीव्हीवर मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) आणि नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे पुसणारी सोय) दोन्ही बंद करा. नाहीतर फिल्मचे दाणे पुसले जाऊन चेहरे मेणासारखे दिसतात आणि उन्हाचा रखरखीतपणा जातो.

आवाज मोनोच, म्हणजे एकाच वाहिनीचा, निवडा. नव्या मिक्समध्ये आवाज खोलीभर फिरतात. मोनोत जनरेटरची घरघर, करवत आणि किंकाळ्या एकाच दिशेने अंगावर येतात, आणि तोच दाब हवा आहे. साधे संवाद नीट ऐकू येतील इतका आवाज एकदा लावा आणि नंतर रिमोटला हात लावू नका.

शेवटच्या जेवणाच्या प्रसंगाचं चित्रीकरण सलग सव्वीसेक तास चाललं. दिवसा रात्र भासवण्यासाठी खिडक्या बंद, दिव्यांची धग, टेबलावर सडत चाललेलं मांस. कैदेतल्या मुलीची भूमिका करणाऱ्या मॅरिलिन बर्न्स यांच्या डोळ्यांचे अतिजवळचे शॉट बघताना त्यातलं थकणं खरं आहे हे कळतं. त्या आजोबांच्या हातातून हातोडा पुन्हापुन्हा निसटतो तिथे तरुण हसतात आणि मोठी माणसं त्यांच्याकडे रागाने बघतात. तरुणांना गप्प करू नका, त्यांचं चुकलेलं नाही. हूपर यांना त्यात काळा विनोद अभिप्रेत होता, 1986 च्या दुसऱ्या भागात तर त्यांनी तो उघडच केला. हसू येतं आणि मुलगी ओरडायची थांबत नाही, हीच त्या प्रसंगाची खरी शिक्षा आहे.

ज्यांनी आधी 2003 चा रिमेक पाहिला आहे त्यांना ‘यात रक्त जवळजवळ नाही’ हे बसण्याआधीच सांगा. ते वाट बघत बसले तर पहिला अर्धा तास वाया जातो. लांबी 83 मिनिटंच आहे, मध्ये थांबवू नका. मुलांना अजिबात दाखवू नका. शेवटचा भाग जवळजवळ अखंड किंकाळ्यांचा आहे, तेव्हा मोठ्या आवाजाने ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी हा चित्रपट सोडलेलाच बरा.