दक्षिण युरोपात एकट्याने बाईक आणि तंबू : एका हंगामानंतर सामानाचा हिशेब

वापर : मे-जून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर. पोर्तुगालचा आलेंतेजू, स्पेनचा एस्त्रेमादुरा, दक्षिण इटलीतले बाझिलिकाता आणि कालाब्रिया, ग्रीसमधला पिंडस डोंगर आणि पेलोपोनीज. बाईक 411 सीसीची हिमालयन, चालवणारा एकटा, सामान साधारण 35 किलो. (युरोपात राहणाऱ्यांना असे दोन टप्पे जमतात. शेंगेन व्हिसावर येणाऱ्याला कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच मिळतात, त्यामुळे त्याने एकच टप्पा निवडावा. मे-जून निवडावा.)

कॅम्पिंगच्या सामानाबद्दल जे वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं स्कॉटलंड-नॉर्वेच्या पावसाचा विचार करून लिहिलेलं असतं. तंबूवर पाण्याचा किती दाब चालतो, शिवणी किती पक्क्या आहेत, यावर पानंच्या पानं. दक्षिणेत मे ते ऑक्टोबर सामानाचे हाल पाऊस करत नाही. ते करतात ऊन, दगडासारखी जमीन, काटे आणि धूळ. एप्रिलमध्ये सह्याद्रीतल्या उघड्या पठारावर मुक्काम केलेल्या माणसाला हा मुद्दा एका वाक्यात कळेल.

तंबूपासून सुरुवात. एकट्याला दोन माणसांचाच तंबू घ्यावा. जॅकेट, बूट, हेल्मेट आणि टँक बॅग रात्री आतच लागतात. दोन थरांचा हवा. आणि तो स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा हवा, ही अट अजिबात सोडू नये. बोगद्याच्या आकाराचे तंबू आतून प्रशस्त असतात, पण खुंट्या ठोकल्याशिवाय उभेच राहत नाहीत, आणि जूनमधली एस्त्रेमादुराची जमीन म्हणजे आपला मुरमाड माळ. तंबूबरोबर आलेल्या हलक्या ॲल्युमिनियमच्या खुंट्यांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या महिन्यातच वाकल्या. हा दोष कंपनीचा नाही, त्या खुंट्या गवताळ जमिनीसाठीच असतात. त्यांच्या जागी 20 सेंमी लांब, 6 मिमी जाडीचे लोखंडी खिळे घेतले की प्रश्न मिटतो. स्पेनमध्ये 'फेरेतेरिया' आणि इटलीत 'फेर्रामेंता' अशी पाटी असलेल्या हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात. आठ पुरतात. वजन थोडं वाढतं, ते मान्य करावं. काढताना खिळा सरळ ओढू नये. दुसऱ्या खिळ्याचं डोकं त्यात अडकवून आधी गोल फिरवावा, मग उचलावा.

तंबूचा सगळ्यात आधी खराब होणारा भाग म्हणजे दाराची झिप. लक्षण असं : रनर नीट पुढे सरकतो, पण त्याच्या मागे दात पुन्हा उघडत जातात. लोक झिप गेली समजून तंबू बदलतात. खरं तर दात शाबूत असतात. त्यांत बसलेली धूळ रनरला आतून घासते, रनरची फट रुंदावते आणि दातांवर पकड राहत नाही. उपाय असा : झिप पूर्ण उघडून रनर सुरुवातीला न्यायचा, छोट्या पकडीने त्याची मागची एक कडा हलकेच दाबायची, मग दुसरी, मग चालवून बघायचं. दोन-तीन वेळा थोडं थोडं दाबावं. एकदम जोर केला तर रनरला चीर जाते. त्याआधी जुन्या टूथब्रशने दात झाडून घ्यावेत. हे झाडण्याचं काम दर दोन-तीन दिवसांनी केलं तर पकड काढायची वेळच येत नाही. धुळीत झिपला तेल लावू नये, तेलावर धूळ आणखी चिकटते.

सकाळी तंबू फार लवकर तापतो, तेव्हा झाड पूर्वेला येईल अशी जागा बघावी. मात्र झाड कोणतं हेही बघावं. पाइनच्या फांद्यांवर पांढऱ्या रेशमी पुंजक्यांसारखी घरटी दिसली तर तिथे थांबू नये. त्या सुरवंटांचे केस अंगावर, डोळ्यांत किंवा श्वासात गेले की जबर खाज आणि सूज येते. ते रांगेने खाली उतरतात साधारण हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात, पण रिकाम्या घरट्यांतही केस राहतात. पाइनचा डिंक कापडावर गळला तर धुऊन निघत नाही. थंड झाल्यावर खरवडून उरलेला स्पिरिटने पुसावा लागतो.

आता काटे. आपला सराटा, म्हणजेच गोखरू, तिथे जसाच्या तसा उगवतो. पायवाटेच्या कडेला, रानात, कॅम्पिंगच्या खडीवरसुद्धा. शिवाय होल्म ओकच्या वाळलेल्या पानांना टोकदार काटे असतात आणि शरदात चेस्टनटच्या काटेरी कवचांचा सडा पडतो. हवेची मॅट फुटते ती बहुधा यामुळे. तंबूखाली जाड ताडपत्रीचा तुकडा हवाच, पण तो तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंमी लहान कापावा, नाहीतर दव त्यावर जमून आत शिरतं. ताडपत्री टाकण्याआधी जागेवरून बुटाने आडवं घासत जावं. सराटा तळव्यात रुतून वर येतो. बूट तंबूत नेण्याआधी तळवे बघावेत, कारण निम्मे काटे आपणच आत नेतो.

मॅटचं भोक सापडत नसेल तर ती फुगवून साबणाचं पाणी ओल्या फडक्याने फिरवावं आणि बुडबुड्याभोवती पेनाने गोल काढावा. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी, मगच ठिगळ लावावं. पुसल्याशिवाय लावलेलं ठिगळ दोन रात्रींत सुटतं. फुगवलेली मॅट उन्हात सोडून फिरायला जाऊ नये. आतली हवा प्रसरण पावून आतले जोड सुटतात आणि मॅटला मधोमध गलेलठ्ठ फुगवटा येतो. त्याला दुरुस्ती नाही.

स्लीपिंग बॅगबद्दल थोडक्यात : लेबलावर तापमानाचे दोन आकडे असतात, त्यातला 'कम्फर्ट' (आरामात झोप लागेल तो) वाचावा, 'लिमिट' (जेमतेम निभेल तो) नाही. पिंडसमध्ये किंवा स्पेनच्या पठारावर मे महिन्यात दुपारी 28 अंश असलं तरी पहाटे 3-4 अंशांवर उतरू शकतं. कम्फर्ट 3 ते 5 अंशांची, पूर्ण उघडून पांघरुणासारखी वापरता येणारी बॅग दोन्ही टोकं सांभाळते.

पंक्चर हा एकट्याच्या प्रवासातला खरा कसोटीचा विषय. या बाईकला ट्यूबचे टायर आहेत, पुढे 90/90-21, मागे 120/90-17. दोन्ही ट्यूब बरोबर ठेवाव्यात. मेन स्टँड असल्याने मागचं चाक काढणं सोपं जातं, पण मऊ मातीत स्टँड रुततो. खाली 12 मिमी प्लायवूडचा हातभर तुकडा लागतो. तोच तुकडा दुपारी वितळलेल्या डांबरावर साइड स्टँडखाली आणि संध्याकाळी पोळपाट म्हणून चालतो.

क्रम असा ठेवावा. सगळं सामान उतरवायचं. ॲक्सलचा नट सैल करण्याआधी चेन ॲडजस्टरच्या खुणांचा फोटो काढायचा. चाक पुढे ढकलून चेन उतरवायची, चाक काढून जुन्या कापडावर आडवं ठेवायचं, डिस्क कधीही खाली नाही. वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची. टायरची कडा रिमपासून सोडवणं हेच एकट्याला जड जातं, त्यासाठी कडा दाबणारा लांब लिव्हर असलेला सेट घ्यावा. लिव्हर वापरताना समोरच्या बाजूची कडा गुडघ्याने रिमच्या खोलगट मध्यभागात दाबून धरली तर निम्मा जोर लागतो. जोर लावूनही टायर सरकत नसेल तर लिव्हर दोषी नसतो, समोरची कडा वर चढलेली असते. काटा शोधायला टायरच्या आतून बोटं न फिरवता सुती फडकं फिरवावं. जिथे धागा अडकतो तिथे काटा. एक सापडला म्हणून थांबू नये, सराट्याच्या एका फळाला अनेक टोकं असतात. बसवताना ट्यूबमध्ये गोल आकार येईल इतकीच हवा भरावी, म्हणजे ती लिव्हरखाली चिमटत नाही.

नुसते चिकटवायचे ठिगळ उन्हाळ्यात टिकले नाहीत, टायर तापला की कडेने उचकटतात. घासून, सोल्यूशन लावून, पाच मिनिटं वाळवून दाबलेलं ठिगळच राहतं. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की गरमीत महिन्याभरात आटते, म्हणून लहान दोन ठेवाव्यात. हवेचे आकडे तिकडे बारमध्ये : 2.2 बार म्हणजे 32 पीएसआय, 2.5 बार म्हणजे 36. पंपावरच्या हवेच्या नळीचं तोंड लांब असतं, ते स्पोक आणि डिस्कमध्ये वॉल्व्हपर्यंत पोचत नाही. काटकोनात वळलेला छोटा ॲडाप्टर बरोबर असावा. ग्रीसमध्ये पंक्चरवाल्याच्या पाटीवर 'वुल्कनिझातेर' असा शब्द असतो. ग्रीक अक्षरांत असला तरी एकदा ओळखला की विसरत नाही. इटलीत तोच 'गोम्मिस्ता'.

पेट्रोल भरताना नावांचा घोळ जीवघेणा आहे. स्पेन-पोर्तुगालमध्ये 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलेओ' म्हणजे डिझेल. इटलीत पेट्रोल 'बेन्झिना', तर 'गाझोलिओ' डिझेल. ग्रीसमध्ये तर 'पेत्रेलेओ' हे डिझेलचं नाव आहे आणि पेट्रोल म्हणजे 'अमोलिव्दी'. नावाऐवजी चिन्ह बघावं : 2018 पासून युरोपीय संघात नोझलवर पेट्रोलला वर्तुळात ई5 किंवा ई10 आणि डिझेलला चौकोनात बी7 असं लेबल असतं. 15 लिटरच्या टाकीत सामानासकट 400 किमी आरामात जातात, तरी रविवार आणि दुपार धरून निम्म्या टाकीलाच भरून घ्यावं. इटलीत सुट्टीच्या दिवशी चालणारी पंपांची यंत्रं नोट घेतात पण सुटे परत देत नाहीत. 10 आणि 5 युरोच्या नोटा वेगळ्या ठेवाव्यात.

स्टोव्हच्या बाबतीत आधी गॅसचा डबा काय मिळतो ते बघावं, मग बर्नर निवडावा. आटे असलेले डबे मोठ्या शहरांतल्या खेळसामानाच्या दुकानांत मिळतात. खेड्यातल्या दुकानात दिसतात ते कॅम्पिंगाझ कंपनीचे खटक्याने बसणारे किंवा भोक पाडून बसवायचे निळे डबे. आट्यांच्या बर्नरला खटक्याच्या डब्याचा ॲडाप्टर मिळतो, तो शहरातच घेऊन ठेवावा. भोक पाडायचा डबा संपेपर्यंत काढता येत नाही, त्यामुळे बाईकवर तो नको. स्पिरिटचा स्टोव्ह हलका आणि इंधन सगळीकडे, पण दिवसा त्याची ज्योत दिसत नाही आणि सांडलं तर आवरता येत नाही. वाळलेल्या गवतात तो काढूच नये. पोर्तुगालमध्ये वणव्याचा धोका जास्त असलेल्या दिवशी रानात जाण्यावर आणि आग लावण्यावर निर्बंध येतात, ग्रीसमध्ये रोज 1 ते 5 अशा पातळ्यांचा धोक्याचा नकाशा निघतो. तो बघून मगच चूल. धोका वरच्या पातळीवर असेल तर पाव, चीज, टोमॅटो आणि बरणीतले शिजलेले हरभरे.

खिचडीचे डाळ-तांदूळ दुपारी तीनला रुंद तोंडाच्या बाटलीत भिजत घालून बॅगेत ठेवले की संध्याकाळी गॅस बराच वाचतो. आणि पिठल्यासाठी सामान शोधावं लागत नाही : इटलीत 'फारिना दि चेची' म्हणजे आपलं बेसनच, साध्या सुपरमार्केटात मिळतं.

मुक्कामाची जागा. ग्रीसमध्ये अधिकृत कॅम्पिंगबाहेर तंबू टाकायला बंदी आहे, स्पेनमध्ये प्रत्येक स्वायत्त प्रांताचे नियम वेगळे. मोकळं दिसणारं रान मोकळं नसतं. आलेंतेजूत कॉर्क ओकच्या (ज्याच्या सालीची बुचं होतात) खोडावर पांढऱ्या रंगात एक आकडा रंगवलेला दिसेल, समजा 3. म्हणजे त्याची साल 2023 मध्ये काढली आणि पुन्हा नऊ वर्षांनी काढणार. आकडा दिसला की समजावं, ही कुणाची तरी सांभाळलेली जमीन आहे. जवळच्या घरी जाऊन विचारावं. मेंढ्या दिसल्या तर राखणीचे कुत्रे असणारच. वेग वाढवून पळू नये. थांबावं, इंजिन बंद करून शांत बसावं. ते बहुधा भुंकून कळपाकडे परततात.

पाण्याच्या झऱ्यांवरच्या पाट्या वाचाव्यात. स्पेन-इटलीत 'पोताबिले', 'पोताब्ले' असेल तर पिण्याचं, आधी 'नो' किंवा 'नॉन' असेल तर भांड्यांसाठी. एका रात्रीला 5 लिटर लागतं.

सामान बांधताना एकच चूक महाग पडली : या बाईकचा सायलेन्सर उजवीकडे वर वळतो, आणि कापडी सॅडलबॅग रिकामी झाली की खचून त्याकडे झुकते. भरलेली असताना अंतर बरोबर वाटतं. रॅकला पत्र्याची पट्टी बांधून किमान 5 सेंमी अंतर कायम राहील असं करावं. पट्ट्यांची लोंबती टोकं आतल्या बाजूला खोचून रबरबँड लावावा, चेन जवळच असते.

हंगाम संपल्यावर तंबू धुऊन सावलीत दोन दिवस वाळवावा. गुंडाळून घट्ट पिशवीत न भरता सैल कापडी गोणीत ठेवावा. उन्हात तापलेल्या बॉक्समध्ये ओला तंबू पडून राहिला तर आतला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप सुटायला लागतो. हाताला चिकट लागला आणि आंबूस वास आला की तो कापडापासून निघायला लागलेला असतो. पहिल्या टप्प्यानंतर या तंबूच्या एका कोपऱ्यात तसा वास आला होता. त्या कोपऱ्याचा जुना लेप सोड्याच्या पाण्याने चोळून काढला आणि नवा लेप दिला. ऑक्टोबरपर्यंत तरी तो कोपरा कोरडा राहिला आहे.