धोबीतलावात करून घेतलेली सॉफ्टबॉलची जर्सी

लेकीच्या सॉफ्टबॉल टीमची नवी जर्सी धोबीतलावच्या एका दुकानातून करून घेतली. पंधरा नग, एकाचे साडेचारशे. पहिल्याच मॅचला पालकांत दोन तट पडले! जुन्या मरूनवर जीव असलेले म्हणाले, हा मोरपंखी कशाला? मुली मात्र हरखल्या. लोगोत शिवडीच्या खाडीतला रोहित पक्षी आहे, चोचीत पिवळा बॉल. मला तर फार गोड वाटला.

कापड उत्तम. आधीच्या जर्सीवर चिकटवलेले नंबर तिसऱ्या धुण्यात सोलून निघाले होते. ही सब्लिमेशनची: कागदावरची छपाई उष्णतेने पॉलिस्टरच्या धाग्यातच मुरते, म्हणून बोट फिरवलं तरी छापाचा थर लागत नाही. लेक सेकंड बेसला घसरत गेली, तांबडी माती पार शिवणीत शिरली. ब्रशने खसाखसा घासली, रोहित पक्षी जसाच्या तसा.

एकच खटकलं. पाठीवरचे नारिंगी आकडे लांबून ओळखू येत नाहीत, ३ आणि ८ सारखेच दिसतात. स्कोअर लिहिणाऱ्या ताई वैतागल्या. दुकानदारकाकांना सांगितलं, तर त्यांनी लगेच आकड्यांना पांढरी किनार देऊन नमुना दाखवला. पुढची ऑर्डर तिथेच देणार, त्याच किनारीची.