ब्राउझर भलत्याच आयपीवर जातो: ब्राउझर साफ करावा, डीएनएस बदलावा की राउटर रीसेट करावा?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचे कार्यालय असो वा जुळे सोलापुरातले घर, नेहमीचे संकेतस्थळ उघडताना ब्राउझर १९२.१६८.१.१ सारख्या आयपी पत्त्यावर (जाळ्यावरच्या उपकरणाच्या आकडी पत्त्यावर) जाऊ लागला, तर कोणताही उपाय करण्याआधी तो आकडा नीट वाचावा. १०., १९२.१६८. आणि १७२.१६ ते १७२.३१ हे पट्टे १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजानुसार खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत, १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये सेवा पुरवठादारांसाठी राखला गेला. सार्वजनिक इंटरनेटवर हे पत्ते चालत नाहीत, त्यामुळे ते पान बहुधा आपला राउटर किंवा इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याचा सर्व्हर दाखवत असतो, आणि पुष्कळदा कारण निव्वळ संपलेले रिचार्ज असते. १२७.०.०.१ म्हणजे आपलाच संगणक; तो आकडा दिसल्यास मात्र संशय स्वतःच्या संगणकावर, विशेषतः संकेतस्थळांची नावे आणि पत्ते नोंदवणाऱ्या होस्ट्स फाइलवर घ्यावा.

एकाच संगणकावर, तेही एकाच ब्राउझरमध्ये हा प्रकार होत असेल, तर अनोळखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी जोडणी) काढणे आणि प्रॉक्सी, म्हणजे मधल्या सर्व्हरचे सेटिंग तपासणे पुरते. त्यात फारसे काही गमावावे लागत नाही. वायफायवरच्या सगळ्या मोबाइलवर तेच होत असेल आणि मोबाइल डेटावर होत नसेल, तर ब्राउझर साफ करणे व्यर्थ आहे.

डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा, बदलणे त्याहून परिणामकारक ठरते. क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ किंवा गूगलचे ८.८.८.८ संगणकात भरता येते, पण बिघडवलेला राउटर साध्या डीएनएस चौकश्या मध्येच वळवू शकतो. म्हणून अँड्रॉइड ९ पासून मिळणारे प्रायव्हेट डीएनएस किंवा ब्राउझरमधले सुरक्षित डीएनएस, ज्यांत चौकश्या कूटबद्ध होऊन जातात, मला अधिक भरवशाचे वाटते. मात्र त्यामुळे हॉटेलच्या वायफायचे लॉगिन पान कधीकधी उघडत नाही, आणि मूळ दुखणे राउटरमध्ये तसेच राहते.

राउटरच्या डीएनएस रकान्यात आपण किंवा केबलवाल्याने न भरलेला आकडा सापडला, तर रीसेटच करावा. मागच्या छिद्रात पिन दाबून धरली की पीपीपीओईचे (केबलवाल्याच्या जोडणीत लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम आणि पासवर्डही पुसले जातात, तेव्हा ते आधी केबलवाल्याकडून लिहून घ्यावेत. रविवारी संध्याकाळी फोन न उचलणारे केबलवाले सोलापुरात कमी नाहीत. रीसेटनंतर ॲडमिनचा मूळ पासवर्ड लगेच बदलून फर्मवेअर (राउटरमधले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे, आणि तोवर बँकेच्या पानावर प्रमाणपत्राचा (संकेतस्थळाच्या ओळखीच्या पुराव्याचा) इशारा आल्यास पुढे जाऊ नये.