‘कार्बन’चा ट्रायपॉड आणि एस्टिमेटची चिठ्ठी

नाशिकमध्ये तीन-चार हजारांत कोणी ‘ओरिजिनल कार्बन फायबर’चा, म्हणजे हलक्या पण महागड्या साहित्याचा, ट्रायपॉड देतो म्हणाला, तर खिशातून पैसे काढायच्या आधी हे वाचा. मला असाच एक ३,८०० रुपयांना गळ्यात मारला. दुकान शालिमारच्या आसपासचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच माल हीच वाक्यं बोलून आणखी कुठेकुठे विकला जात असणार.

मला हलका ट्रायपॉड हवा होता याला कारण आहे. सुट्टीच्या दिवशी आमचा ग्रुप अंजनेरी नाही तर ब्रह्मगिरी चढतो, आणि थंडीत नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणं ठरलेलं. कॅमेरा आणि ७०-३०० ची लेन्स मिळून सव्वा किलोच्या घरात जातं. त्यात पाणी, डबा. जुना ट्रायपॉड अडीच किलोचा, लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडे असतो तसला. खांदा दुखायला लागल्यावर ठरवलं की दीड किलोच्या आतला घ्यायचा आणि चार हजारांच्या वर जायचं नाही.

दुकानदाराला आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. त्याने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘१००% कार्बन, १० किलो लोड, वजन १.१ किलो’. हा मेसेज पुढे फार कामाला आला, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

दुकानात गेल्यावर वस्तू दिसायला खरोखर देखणी होती. काळ्या नळ्या, त्यांवर विणल्यासारखी चौकटी-चौकटींची नक्षी, लाल रंगाच्या रिंगा. मी म्हटलं, एवढ्या कमी किमतीत कार्बन कसा काय? तो हसला. ड्रॉवरमधून स्पीकरचं जुनं चुंबक काढलं आणि नळीला लावून दाखवलं. “बघा ताई, चिकटतंय का? लोखंड असतं तर चिकटलं असतं. प्युअर कार्बन आहे. डोळे झाकून घ्या, पुण्या-मुंबईचे वेडिंगवाले हाच नेतात.”

या चुंबकाच्या खेळाला माझा सलाम. नाटक करून दाखवलं की गिऱ्हाईक प्रश्न विचारायचं थांबतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चुंबक अ‍ॅल्युमिनियमलाही चिकटत नाही. घरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला लावून बघा. ट्रायपॉडच्या बाजारात खरा सवाल अ‍ॅल्युमिनियम की कार्बन एवढाच असतो, लोखंडाच्या नळ्यांचा ट्रायपॉड विकतंय कोण? म्हणजे त्याने ज्याची कोणी शंका घेतली नव्हती ते सिद्ध करून दाखवलं.

पैसे यूपीआयने दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. बिल मागितलं तर छापील पॅडवरची चिठ्ठी मिळाली. वर ‘एस्टिमेट’, मध्ये ‘ट्रायपॉड स्टँड, १ नग’, खाली शिक्का: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. पक्कं बिल द्या म्हटल्यावर, “जीएसटी वेगळा लागेल ताई, कशाला उगाच?”

पहिला संशय आला तो निफाडच्या थंडीत. नांदूर मध्यमेश्वर निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर. हिवाळ्यात राज्यातला सगळ्यात कमी पारा बऱ्याचदा निफाडचाच असतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात. रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा, त्यामुळे आता गर्दीही असते. चापडगावच्या बाजूने उजाडायच्या आत पोहोचलो. ट्रायपॉडचे पाय उघडायला नळी धरली आणि बोटं अक्षरशः चावल्यासारखी झाली. कार्बनची नळी अशी गार लागत नाही. अ‍ॅल्युमिनियम हाताची ऊब झपाट्याने ओढून घेतं म्हणून ते चावतं. आमच्या ग्रुपमधल्या एकांकडे खरा कार्बनचा आहे, त्यांची नळी धरून बघितली. तीच हवा, तीच पहाट, पण ती नुसती थंड होती.

मग डोक्याचा, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो त्या वरच्या भागाचा प्रकार. ते बॉल हेड घट्ट आवळलं, जांभळ्या पाणकोंबडीवर फ्रेम लावली, हात काढला. लेन्सचं नाक नंदीबैलाच्या मानेसारखं हळूच खाली आलं. पाणकोंबडी फ्रेमच्या वरच्या कडेतून निघून गेली आणि समोर नुसती पाणवनस्पती उरली. पुन्हा आवळलं, तरी तेच. शेवटी पक्षी जिथे हवा त्याच्या थोडं वर नेम धरायचा आणि डोकं ओघळून जागेवर येईपर्यंत थांबायचं, असा अंदाज बांधून चार फोटो काढले. दहा किलो पेलणाऱ्या वस्तूकडे सव्वा किलोसाठी एवढी मिनतवारी!

घरी आल्यावर काट्यावर ठेवला. खोक्यावर १.१ किलो लिहिलेलं, भरला १ किलो ७०० ग्रॅमच्या वर.

माझ्या नणंदेचा मुलगा अंबडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे. त्याच्याकडे घेऊन गेले. त्याने हातात धरलं आणि म्हणाला, “मामी, हे पाइप आहेत.” पायाचं फिरवायचं लॉक पूर्ण सोडलं, आतली नळी ओढून काढली आणि तिचं तोंड माझ्यासमोर धरलं. आतून चकचकीत चांदीसारखं. मग लॉकच्या खाली जिथे नक्षी संपते तिथे नखाने खरवडलं. कड उचलली गेली, मोबाइलच्या स्क्रीनगार्डची उचलते तशी, आणि पातळ काळा पापुद्रा सोलून आला. बाइकच्या टाकीवर पोरं ‘कार्बन’चं स्टिकर लावतात तीच ही फिल्म. व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) लावला तर सगळ्यात खालची नळी १३ मिलिमीटरची, पत्रा एक मिलिमीटरपेक्षा कमी. तिन्ही पाय जिथे जोडलेले असतात तो वरचा भाग धातूचा वाटत होता, तो निघाला रंग दिलेलं प्लास्टिक. “वस्तू वाईट नाही मामी, बाराशे-पंधराशेला ठीक आहे,” हे त्याचं शेवटचं मत.

माझंही तेच म्हणणं आहे, म्हणून इथे जरा थांबते. स्वस्त ट्रायपॉड म्हणजे फसवणूक असं अजिबात नाही. दोन-अडीच हजारांचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड, ज्याच्यावर अ‍ॅल्युमिनियम असंच लिहिलंय, तो बहुतेकांना पुरतो. मोबाइल किंवा छोटी लेन्स असेल तर त्याहून स्वस्तातलाही चालेल. सगळ्यात वरचा मधला दांडा फार उचलू नका, जोराचा वारा असेल तर खालच्या हुकाला सॅक अडकवा, शटर दाबताना दोन सेकंदांचा टायमर लावा. साध्या ट्रायपॉडवर एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. फसवणूक आहे ती दीड हजाराच्या वस्तूला काळा पापुद्रा चिकटवून तिचे चार हजार करण्यात. बऱ्या नावाचा खरा कार्बनचा ट्रायपॉड आठ-दहा हजारांच्या खाली सहसा मिळतच नाही. सेल असो, दिवाळी असो, स्टॉक क्लिअरन्स असो.

दुकानात बघायचं असेल तर आधी एक लॉक पूर्ण सोडायला लावा आणि नळीचं तोंड बघा. खरा कार्बन कापलेल्या कडेलाही काळाच असतो, थर दिसतात. आत चांदीचा रंग दिसला की विषय संपला. दुकानदार ‘वॉरंटी जाईल’ म्हणाला तरी ऐकू नका. साफ करण्यासाठी ही लॉकं उघडावीच लागतात, नदीकाठची वाळू आत जाते. सामान तोलायचा हुकवाला काटा दोन-तीनशे रुपयांना मिळतो, तो पर्समध्ये राहतो. खोक्यावरचं वजन आणि काट्यावरचं वजन यांत पन्नास-शंभर ग्रॅम इकडेतिकडे चालतील, अर्धा किलो नाही.

किलोच्या ‘लोड’वर तर मुळीच जाऊ नका. सगळ्यांनी पाळायची अशी एकच मोजपट्टी त्याला नाही, ज्याची त्याची कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. शिवाय पायांचा आकडा वेगळा आणि डोक्याचा वेगळा, खोक्यावर मोठा असेल तोच छापतात. आपला कॅमेरा, आपली सगळ्यात जड लेन्स घेऊन जा, लावा, तिरका करून आवळा आणि दुकानदाराशी गप्पा मारत पाच मिनिटं थांबा. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची एखादी तारीख फ्रेमच्या मधोमध धरून ठेवा. ती सरकली तर डोकं भिकार आहे. कॅमेऱ्याखालची प्लेटही विचारून घ्या. आर्का-स्विस पद्धतीची, ३८ मिलिमीटर रुंदीची असेल तर हरवल्यावर दुसरी कुठेही मिळते. माझ्यावाल्याची कुठल्याच मापाची नव्हती.

आणि खोकं वाचा. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं असायलाच हवं, वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, २०११ च्या नियमांत तसं आहे. माझ्या खोक्यावर ‘एमआरपी ९,९९९’ हे स्टिकर दुसऱ्या एका स्टिकरवर डकवलं होतं, यातलं बाकी काहीच नव्हतं. किंमत कमी करायची असेल तर स्टिकर लावता येतं, तेही मूळ किंमत न झाकता. वाढवून लावता येत नाही.

पण सगळ्यांत जास्त मला बिलाबद्दल सांगायचंय. तोंडाने जे सांगितलं ते बिलात लिहून मागा: ‘कार्बन फायबर ट्रायपॉड, वजन इतकं’. जो खरं विकतो त्याला हे पाच शब्द लिहायला काही वाटत नाही. जो ‘ट्रायपॉड स्टँड, १ नग’वर अडून बसतो त्याचं आपोआप कळतं. पक्क्या बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं.

परत गेले तेव्हा त्याचा पवित्रा बदललेला होता. “मी कार्बन फिनिश म्हटलं होतं ताई. आणि हे तुम्ही खरवडलंय, आता कोण घेईल?” मग शिक्क्याकडे बोट. त्या शिक्क्याला घाबरायचं कारण नाही. बिलावर मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ते निकाल देत नाहीत, समेट घडवायला बघतात. पण तक्रारीचा क्रमांक हातात येतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि ऑनलाइन घेतलेल्या मालासाठीही आपण राहतो तिथल्या आयोगात जाता येतं.

तक्रारीचा क्रमांक, यूपीआयची पावती आणि त्याच्याच हातचा ‘१००% कार्बन’ असा मेसेज, तिन्हीची प्रिंट काढून काउंटरवर ठेवली. मेसेज वाचल्यावर ‘फिनिश’ हा शब्द पुन्हा निघाला नाही. आतून त्याचे वडील आले, त्यांनी प्रिंट दोनदा वाचली आणि मुलाला म्हणाले, “देऊन टाक.” तरी ‘खोकं फाटलं’ म्हणून तीनशे कापलेच. साडेतीन हजार घेतले आणि निघाले. तीनशेसाठी आयोगात जायला मला सवड नव्हती, तुम्हाला असेल तर जरूर जा.

पुढच्या वर्षभरात हा माल आणखी खपणार आहे. २०२७ चा सिंहस्थ येतोय, रामकुंडावर व्हिडिओ करायला जो तो ट्रायपॉड शोधतोय, आणि तात्पुरते स्टॉल लागले की ते उद्या सापडणारही नाहीत. माझावाला तर मी दुकानात असतानाच पुन्हा विक्रीला लागला. पोराने खरवडलेल्या जागेवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि तो शोकेसमध्ये उभा केला. तेव्हा एका पायाला वरून दुसऱ्या लॉकच्या खाली बोटभर काळी टेप दिसली, तर तो कार्बनचा नाही, माझा आहे.